पाणबुड्याच्या स्कूटरचा सरंजाम

मागच्या वर्षी डिसेंबरात मालवणला गेलो होतो. सकाळी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर बसलो असताना एक तरुण पाणबुड्या कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून काहीतरी खटपट करताना दिसला. त्याच्या हातात हातभर लांबीचे, तोफगोळ्यासारख्या नाकाचे आणि शेपटीला पंखा असलेले एक नळकांडे होते. पाण्याखालची स्कूटर. बॅटरी, मोटार आणि पंखा एका जलरोधक कवचात बसवलेले हे यंत्र पाणबुड्याला पाण्यातून ओढत नेते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पाणबुड्यांचे प्रशिक्षण केंद्र झाल्यापासून या भागात असली अवजारे अधूनमधून नजरेस पडतात.

मला नवल यंत्राचे वाटले नाही, त्याच्या खटपटीचे वाटले. शिशाचा एक लहान तुकडा त्याने यंत्राच्या नाकाशी चिकटपट्टीने लावला, यंत्र पाण्यात सोडले, ते हळूहळू कुठे झुकते ते पाहिले, तुकडा काढून बोटभर मागे लावला, पुन्हा सोडले. मग यंत्राला बांधलेली दोरी आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून तो पाण्यात आडवा झाला, हात पुढे केला, उठला, गाठ सोडली, दोरी चार बोटे आखूड केली, पुन्हा आडवा झाला. असा अर्धा तास गेला. त्यात मोटार त्याने एकदाच चालवली, तीही चार-पाच सेकंद. बाहेर आल्यावर मी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘मोटार काय काका, बटण दाबलं की चालते. वजन आणि दोरी जमली नाही, तर हात भरून येतो आणि बॅटरी अर्ध्या वाटेत संपते.’’

हे वाक्य माझ्या वर्मी लागले, त्याला कारण आहे. मी तीस वर्षे विहिरीतल्या आणि बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारी भरून देण्याचा धंदा केला. सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याची मोटार मी उत्तम भरून दिली. वाइंडिंग नवे, बेअरिंग नवे. मोटार खाली सोडताना तो म्हणाला, दोरी जुनीच चालेल ना? हंगाम वाईट गेला होता, त्याचे चार पैसे वाचावेत म्हणून मी हो म्हणालो. सहा महिन्यांनी पाइपाचा जोड निसटला, सगळा भार दोरीवर आला, दोरी तुटली आणि मोटार दोनशे फुटांवर जाऊन अडकली. ती शेवटपर्यंत निघाली नाही, बोअरही गेले. मोटारीत दोष नव्हता. दोष तिच्याभोवतीच्या सरंजामात होता आणि तो सरंजाम मी महत्त्वाचा मानला नव्हता.

मालवणहून परतल्यावर या स्कूटरचा इतिहास धुंडाळू लागलो. तो सहसा दोन प्रकारे सांगितला जातो: एक युद्धातल्या धाडसाची गोष्ट म्हणून, दुसरी मोटारी आणि बॅटऱ्यांच्या प्रगतीची गोष्ट म्हणून. दोन्ही खऱ्या आहेत. पण या यंत्राला काय काय जोडले गेले, कुठे बांधले गेले आणि का, हे पाहत गेलो तर तिसरी गोष्ट दिसते. पाण्याखाली माणसाला पुढे नेणे फारसे अवघड नव्हते. त्याला परत आणणे अवघड होते, आणि ते काम बहुतेक वेळा मोटारीपेक्षा दोरीने, शिशाने आणि कडीने केले.

सुकाणू नसलेले वाहन

पहिला ठळक प्रयोग १९१८चा. पहिले महायुद्ध संपत आले होते. एड्रियाटिक समुद्रावरच्या पोला बंदरात, आजच्या क्रोएशियातल्या पुला इथे, ऑस्ट्रिया-हंगेरीचे आरमार नांगरून होते. इटालियन नौदलातला अभियंता राफाएले रोसेत्ती आणि डॉक्टर राफाएले पाओलुच्ची या दोघांनी ३१ ऑक्टोबरच्या रात्री एका विचित्र वाहनावरून बंदरात शिरण्याचे ठरवले. ते वाहन होते ‘मिन्यात्ता’, म्हणजे जळू. टॉर्पेडोच्या कवचातून रोसेत्तीने ते तयार केले होते. पंखा फिरवायला दाबलेली हवा आणि पुढच्या भागात सुटे होणारे दोन सुरुंग, अशी त्याची रचना होती.

वाहनाला सुकाणू नव्हते. वळायचे तर स्वारांनी हातपाय पाण्यात पसरून अडथळा करायचा. श्वसनाचे उपकरणही नव्हते, त्यामुळे दोघांची डोकी पाण्याबाहेर होती. हे अर्धे पाण्याखालचे आणि अर्धे पाण्यावरचे वाहन होते. बंदराच्या तोंडाशी असलेले लाकडी ओंडक्यांचे आणि जाळ्यांचे अडसर त्यांनी ते हातांनी ढकलत, ओढत ओलांडले. ताशी तीन-चार किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या या वाहनाला काही किलोमीटर कापायला जवळजवळ अख्खी रात्र लागली. पहाटे रोसेत्तीने ‘विरीबुस उनीतिस’ या महाकाय युद्धनौकेच्या तळाशी एक सुरुंग लावला.

परतीची सोय उरली नव्हती. उजाडत आले होते, दोघे दिसले आणि पकडले जाऊन त्याच नौकेवर आणले गेले. तिथे त्यांना कळले की आदल्याच दिवशी हे आरमार ऑस्ट्रियाने नव्याने जन्मलेल्या दक्षिण स्लाव्ह राज्याच्या हवाली केले होते. ज्या शत्रूसाठी ते आले होते तो तिथे राहिलाच नव्हता. त्यांनी कप्तान यान्को वुकोविच याला नौका रिकामी करायला सांगितले. नेमलेली वेळ टळली, स्फोट झाला नाही, काही खलाशी नौकेवर परतले आणि मग पावणेसातच्या सुमारास स्फोट झाला. नौका उलटली. वुकोविचसह शेकडो माणसे गेली.

दुसरा सुरुंग वाहनावरच होता. सोडून दिलेली ‘जळू’ बंदरात वाहत वाहत ‘वीन’ या प्रवासी जहाजाजवळ गेली आणि तिथे फुटली. तेही जहाज बुडाले. स्वाराच्या हातातून सुटलेले यंत्र कुठे जाईल, याचा विचार त्या आराखड्यात नव्हता. आजच्या स्कूटरचे बटण अंगठा किंवा बोट उचलताच बंद होते. ही साधी वाटणारी सोय त्या रात्री नव्हती.

ला स्पेझियाचे डुक्कर

१९३५-३६च्या सुमारास ला स्पेझियाच्या नौदल तळावर तेसेओ तेसेई आणि एलिओस तोस्की या दोन तरुण अभियंत्यांनी ही कल्पना पुन्हा उचलली. त्यांच्या यंत्राचे अधिकृत नाव होते ‘मंदगती टॉर्पेडो’. हाताळायला ते इतके हट्टी होते की स्वार त्याला डुक्कर म्हणत, आणि तेच नाव चिकटले. जाडी टॉर्पेडोची, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर, लांबी सुमारे ७ मीटर, विजेची मोटार, वेग ताशी चार-पाच किलोमीटर. त्यावर दोन माणसे घोड्यावर बसावे तशी बसत.

वेग ‘जळू’पेक्षा फार वाढला नव्हता. फरक इतर गोष्टींत होता. पहिली गोष्ट श्वासाची. स्वारांच्या छातीवर शुद्ध प्राणवायूचे बंदिस्त उपकरण होते. सोडलेला श्वास त्यात शुद्ध होऊन पुन्हा वापरला जाई, त्यामुळे बुडबुडे उठत नसत. त्याची किंमतही होती. शुद्ध प्राणवायू खोलीबरोबर विषारी होत जातो. आजच्या शिस्तीत तो ६ मीटरखाली वापरत नाहीत. त्या स्वारांना त्याहून खोल जावे लागे आणि झटके येण्याचा, शुद्ध हरपण्याचा धोका पत्करावा लागे.

दुसरी गोष्ट तोलाची. यंत्राच्या पोटात पाणी भरण्याच्या टाक्या होत्या आणि पुढून मागे पाणी खेळवण्याची सोय होती. आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे गणित कळते. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, पुढे गेला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. पाण्यात फरक इतकाच की गाडीला जमिनीचा आधार असतो, इथे कसलाच नसतो. नाक जड झाले तर यंत्र तळाकडे धावते, शेपूट जड झाली तर पृष्ठभागाकडे. आणि सुकाणूने ते सतत सावरत बसले, तर मोटारीची शक्ती प्रवासाऐवजी सावरण्यात जाते.

तिसरी गोष्ट मागच्या स्वाराच्या पाठीशी असलेली हत्यारांची पेटी. जाळी कापायची कात्री, जाळी उचलायची दाबलेल्या हवेवर चालणारी साधने, दोऱ्या आणि स्क्रूने आवळायचे शिकंजे. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंना, डोलणे कमी करण्यासाठी, लांब पट्टीसारखे पंख असतात. एका बाजूच्या पट्टीला शिकंजा आवळायचा, दोरी घेऊन तळाखालून पलीकडे जायचे, दुसऱ्या पट्टीला दुसरा शिकंजा, आणि मध्ये ताणलेल्या दोरीला यंत्राचे स्फोटक नाक सोडवून टांगायचे. मग हलके झालेले यंत्र घेऊन निघून जायचे. ही सगळी कृती म्हणजे बांधकामावर परांची बांधणाऱ्याचे काम, फरक इतकाच की ते थंडगार काळोख्या पाण्यात, हातमोज्यांनी आणि आवाज न करता करायचे.

तारेचा वेढा

१८ डिसेंबर १९४१च्या रात्री युनिओ वालेरिओ बोर्गेझे यांच्या ‘शिरे’ या पाणबुडीने अशी तीन यंत्रे इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदराजवळ सोडली. ब्रिटिश विनाशिका आत येणार म्हणून बंदराचा अडसर उघडला गेला, त्याच वेळी तिन्ही यंत्रे आत शिरली.

अंतोनिओ मार्चेल्या आणि स्पार्ताको शेर्गात या जोडीचे सगळे पाठांतराप्रमाणे झाले. ‘क्वीन एलिझाबेथ’ या युद्धनौकेखाली शिकंजे आवळले, दोरी ताणली, स्फोटक टांगले आणि दोघे किनाऱ्याला लागले. लुईजी दुरांद दे ला पेन्ने आणि एमिलिओ बियांकी यांच्या वाट्याला ‘व्हॅलियंट’ ही नौका होती. तिच्याजवळ पोहोचताच यंत्र तळाला बसले. बियांकी दिसेनासा झाला; शुद्ध हरपून तो वर गेला होता. दे ला पेन्नेने चाचपून पाहिले तर पंख्याला तारेचा वेढा पडला होता. मोटार फिरणे शक्य नव्हते.

माझ्यासारख्या मोटारवाल्याला हा क्षण फार ओळखीचा वाटतो. मोटार शाबूत, बॅटरी शाबूत आणि वीतभर तारेने सगळे ठप्प. दे ला पेन्नेने ते यंत्र चिखलातून हातांनी ओढायला सुरुवात केली. अंगरख्यात थंड पाणी शिरत होते, चिखलाने काही दिसत नव्हते, दिशा कळत होती ती नौकेतल्या पंपाच्या आवाजावरून. थोडे थोडे ओढत सुमारे चाळीस मिनिटांनी तो नौकेच्या पोटाखाली आला. शिकंजा आणि दोरी वापरण्याचे त्राण उरले नव्हते. स्फोटक तळावरच ठेवून, घड्याळ चालू करून तो वर आला.

दोघे पकडले गेले आणि ‘व्हॅलियंट’च्याच पोटात कोंडले गेले. स्फोटाला थोडी मिनिटे उरली तेव्हा दे ला पेन्नेने कप्तान चार्ल्स मॉर्गन यांना निरोप दिला की नौका उडणार आहे, माणसे वाचवा. कुठे आणि कशी, हे मात्र सांगितले नाही. मॉर्गन यांनी त्याला पुन्हा खाली पाठवले. स्फोट झाला, दोघेही इटालियन वाचले. दोन्ही युद्धनौका उथळ बंदराच्या तळाला टेकल्या आणि कित्येक महिने निकामी झाल्या. तिसऱ्या जोडीने, विन्चेंझो मार्तेलोत्ता आणि मारिओ मारीनो यांनी, एका तेलवाहू जहाजाला सुरुंग लावला. त्याच्या शेजारच्या विनाशिकेलाही इजा झाली. सहाही जण कैद झाले. इटली पुढे दोस्तांच्या बाजूला आली आणि मार्च १९४५ मध्ये दे ला पेन्नेला शौर्याचे सुवर्णपदक मिळाले. ते त्याच्या छातीवर मॉर्गन यांनीच लावले.

ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिन्ही जोड्यांपैकी एकही परत आली नाही, हेही तिच्यात आहे. यंत्राचा जनक तेसेओ तेसेई त्याच वर्षी २६ जुलैला माल्टाच्या बंदरावरील हल्ल्यात आपल्याच यंत्रासह गेला होता. जाण्याचा आराखडा बारकाईने आखलेला होता. येण्याचा जवळपास नव्हताच.

ब्रिटिशांनी जिब्राल्टरला हाती लागलेल्या इटालियन यंत्रावरून आपली ‘चॅरियट’ बनवली. तिची पहिली मोठी मोहीम ऑक्टोबर १९४२ मध्ये नॉर्वेतल्या ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर निघाली. दोन चॅरियट ‘आर्थर’ नावाच्या मच्छिमारी होडीखाली पाण्यात बांधून फियॉर्डमधून नेल्या जात होत्या. पहारे चुकवून झाले होते, लक्ष्य अगदी थोड्या अंतरावर राहिले होते, तेवढ्यात खवळलेल्या पाण्यात दोन्ही यंत्रे सुटून तळाला गेली. माणसांनी होडी बुडवली आणि बर्फातून स्वीडनची वाट धरली. त्यांतला रॉबर्ट एव्हान्स जर्मनांच्या हाती लागला आणि पुढे त्याला गोळी घातली गेली. या मोहिमेत मोटारी सुरू करण्याची वेळच आली नाही. बांधणी तुटली, एवढेच कारण.

स्वार होणे आणि ओढले जाणे

युद्धानंतर हे वाहन शांततेच्या कामाला आले. कुस्तो आणि लुई माल यांचा १९५६चा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा चित्रपट कानच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. त्यात पाण्याखालच्या स्कूटरी धरून जाणारे पाणबुडे जगाने रंगीत पाहिले. त्याच दशकात दिमित्री रेबिकॉफ यांनी ‘पेगॅसस’ या वाहनाचा पाया घातला. त्यावर पाणबुड्या आडवा होई आणि विमानासारखे नियंत्रण करी. पुढे कॅमेरे बसवून समुद्रतळाची छायाचित्रे घेता येत. जिथे स्फोटक असे त्या जागी कॅमेरा आला. १९६५च्या ‘थंडरबॉल’ या बाँडपटाने मात्र लोकांच्या मनात पुन्हा भाल्यांची लढाईच ठसवली.

यात एक बदल नकळत होत होता. ‘जळू’ आणि ‘डुक्कर’ यांवर माणूस स्वार होई. लहान स्कूटरी आल्या तेव्हा माणूस मागे लोंबकळू लागला, दोन्ही हातांनी मुठी धरून. यंत्र स्वस्त आणि हलके झाले, पण ओढ सगळी खांद्यांवर आली. वीस मिनिटांत दंड भरून येत. शिवाय पंख्याने मागे फेकलेला पाण्याचा झोत थेट माणसाच्या छातीवर आदळे. म्हणजे मोटार एका हाताने ओढत होती आणि दुसऱ्या हाताने मागे ढकलत होती.

फ्लोरिडाच्या गुहांतली शाळा

याचे उत्तर समुद्रात मिळाले नाही, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या चुनखडीच्या गुहांत घडले. तिथे जमिनीखाली पाण्याने भरलेले बोगदे किलोमीटरच्या किलोमीटर गेलेले आहेत. वर छत असते, त्यामुळे संकटात थेट वर येता येत नाही; आलेल्या वाटेनेच परत जायचे. त्यामुळे इथल्या पाणबुड्यांना परतीचा विचार आधी करावा लागला. शेक एक्सली यांनी १९७९च्या आपल्या पुस्तिकेत गुहेतल्या मृत्यूंचा अभ्यास करून नियम मांडले. त्यांत तिघाडीचा नियम आहे: एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली एक तृतीयांश अडचणीसाठी.

स्कूटरने हा नियम मोडीत काढला. हिशेब साधा आहे. समजा, आपल्याकडे ३० मिनिटांची हवा आहे. तिघाडीप्रमाणे १० मिनिटे आत जायचे. स्कूटर मिनिटाला ५० मीटर नेते असे धरले, तर आपण ५०० मीटर आत पोहोचतो. तिथे स्कूटर बंद पडली. आता पायांनी पोहत परतायचे. अंगावर नळकांडी, हातात मेलेले यंत्र. मिनिटाला १५ मीटर झाले तरी बरे. म्हणजे परतायला ३३ मिनिटे हवीत आणि हवा उरली आहे २० मिनिटांची. नियम पाळूनही माणूस १३ मिनिटांनी कमी पडतो. पाळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही की मरणाच्या कक्षेत आपण मोटारीच्या वेगाने शिरलो. त्यामुळे गुहेतल्या पाणबुड्यांनी हिशेब उलटा केला. यंत्र मेले असे धरूनच किती आत जायचे ते ठरवायचे. त्याहून लांब जायचे असेल तर दुसरी स्कूटर मागे बांधून न्यायची, वाटेत हवेची नळकांडी ठेवत जायचे.

याच वातावरणात बिल गॅविन यांनी लांब बोगद्यांसाठी दमदार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांची स्कूटर घडवली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्याबरोबर तिचा सरंजामही रुजला. मालवणच्या त्या मुलाच्या हातात जे होते, त्याचा उगम मला इथे सापडला.

सगळ्यात मोठी गोष्ट दोरी. पाणबुड्याच्या पाठीवरच्या साजाचा एक पट्टा मांड्यांमधून लंगोटासारखा पुढे येतो आणि त्याला डी आकाराची कडी असते. स्कूटरच्या मागच्या मुठीपासून निघालेली दोरी आकड्याने या कडीत अडकवायची. आता ओढ खांद्यांवर येत नाही, शरीराच्या मध्यावर येते. हाताचे काम उरते फक्त बटण दाबणे आणि दिशा देणे. दोरीची लांबी ज्याची त्याने ठरवायची. ती जास्त लांब झाली तर हात ताणून धरावा लागतो. आखूड झाली तर कोपर दुमडते आणि झोत पोटावर येतो. बरोबर असते तेव्हा कोपर किंचित वाकलेले राहते, यंत्र शरीराच्या जरा पुढे आणि खाली राहते आणि झोत अंगाखालून निघून जातो. चार बोटांच्या फरकाला म्हणूनच अर्थ आहे. आकडा एका हाताने, हातमोज्यासह, न पाहता सोडता आला पाहिजे. कारण बटण अडकून यंत्र सुसाट सुटले, तर बांधलेला माणूस त्याच्याबरोबर जातो.

दुसरी गोष्ट शिसे. यंत्र पाण्यात सोडले की ना बुडावे, ना तरंगावे आणि आडवे राहावे. हा तोल एकदा साधून कायमचा भागत नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असते. ३० लिटर पाणी बाजूला सारणारी स्कूटर तलावातून समुद्रात नेली की पाऊण किलोने हलकी वाटू लागते. म्हणून पाणी बदलले की वजन बदलायचे. गुहेत हा तोल चुकला, नाक वर झाले, तर पंख्याचा झोत तळाच्या बारीक गाळावर आदळतो आणि क्षणात समोरचा हात दिसेनासा होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे जे लावायचे नाही ते. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. लोंबणारा दिवा, फडफडणारी नळी, बाजूला टांगलेले जाळीचे पिशवीवजा काहीबाही, या सगळ्यांची किंमत बॅटरी भरते, म्हणजे परतीचे अंतर भरते. म्हणून जाणकार पाणबुड्याच्या अंगावर फार वस्तू दिसत नाहीत आणि ज्या असतात त्या अंगाला चिकटून असतात. सुट्या टोकाची भीती वेगळीच. गुहेत वाट दाखवणारी बारीक दोरी ताणलेली असते. ती पंख्यात गेली की अलेक्झांड्रियाची तार पुन्हा आली. पंख्याभोवतीचे कडे आणि पट्ट्यावरचे कापायचे हत्यार ही त्याचीच तजवीज.

चौथी गोष्ट कोरड्या जमिनीवरची. कवचाच्या जोडातले रबरी कडे उघडून, पुसून, सिलिकॉनचा वंगण-हात फिरवून बसवायचे. त्याखाली एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत येते. आमच्या विहिरीतल्या मोटारीत उलट असते. तिच्यात आम्हीच स्वच्छ पाणी भरतो, वाइंडिंगची तार प्लॅस्टिकच्या आवरणाची असते, त्यामुळे आत-बाहेर दाब सारखा राहतो. स्कूटरमध्ये बॅटरी असल्याने ती मुभा नाही. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून कवच उघडूनच चार्ज करायचे. बंद कवचात साठलेल्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. आणि बॅटरी किती वेळ चालते हे कंपनीच्या कागदावर वाचायचे नाही. टाकीत यंत्र बांधून, भार देऊन, संपेपर्यंत चालवायचे आणि मिनिटे लिहून ठेवायची. बॅटरी म्हातारी होत जाते तशी ही मिनिटे कमी होतात. वही खोटे बोलत नाही.

या सगळ्या शिस्तीनंतरही गुहा आपला वाटा घेते. नोव्हेंबर १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या इंडियन स्प्रिंग्ज इथे गॅविन आणि त्यांचे सहकारी पार्कर टर्नर लांबच्या सफरीवरून परतत असताना वाळूचा उतार ढासळून वाट बुजलेली आढळली. गॅविन बाहेर पडू शकले, टर्नर नाही. ही यंत्राची चूक नव्हती. पण राखून ठेवलेली हवा ‘उगाच’ असते असे म्हणणाऱ्याने ही घटना वाचावी.

त्याच भागात १५ डिसेंबर २००७ रोजी जॅरॉड जॅब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ले हे टर्नर सिंक या विवरात उतरून वाकुल्ला स्प्रिंग्जला बाहेर आले. पाण्याने भरलेल्या गुहेतून सुमारे ११ किलोमीटर. प्रवासाला जवळपास ७ तास आणि त्यानंतर शरीरातला वायू सुरक्षितपणे बाहेर पडावा म्हणून पाण्यातच थांबून वर येण्याला १४ तास. मोटारीने पुढे नेले त्याच्या दुप्पट वेळ परतीच्या धीराला द्यावा लागला.

बॅग आणि बोअर

आज लिथियमच्या बॅटऱ्यांनी हे यंत्र हातभर केले आहे. युद्धात त्याची जाडी टॉर्पेडोने ठरवली. आता त्याचा आकार बऱ्याच अंशी विमानाचे नियम ठरवतात. प्रवाशाला १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी जवळ बाळगता येते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. त्यामुळे पर्यटकांसाठीच्या लहान स्कूटरींची बॅटरी या मर्यादेत बसेल अशी बनवतात, किंवा तिचे तुकडे करता येतील अशी. यंत्र बॅगेत मावू लागले की त्याच्याबरोबरची शाळा मागे राहण्याची शक्यता वाढते. खोक्यात दोरी मिळते, शिशाचे तुकडेही मिळतात. ते अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जमवायचे असतात, ही गोष्ट खोक्यात घालता येत नाही.

मालवणला त्या मुलाला मी शेवटी विचारले होते की हे तुला कोणी शिकवले. त्याने आपल्या वस्तादाचे नाव घेतले, त्या वस्तादाला आणखी कुणी. ती साखळी मागे नेत गेलो तर फ्लोरिडाच्या गुहा लागतात, त्यामागे ‘आर्थर’खाली सुटलेल्या गाठी, त्यामागे तारेचा वेढा आणि हातापायांनी वळवायचे एक वाहन. यातल्या कुणालाही पुढच्याला शिकवायचे नव्हते. जे शिकलो ते त्यांच्या अडचणींतून.

दुकान आता मुलगा सांभाळतो. मोटार खाली सोडायला कुणी जुनी दोरी घेऊन आले, तर तो ती बाजूला ठेवतो आणि नवी देतो; गिऱ्हाइकाने कुरकुर केली तर पैसे पुढच्या हंगामात घेतो. गेल्या महिन्यात त्या जुन्या बोअरच्या मालकाचा नातू मोटार घेऊन आला होता. त्याला मी ओळखले, त्याने मला नाही. मोटार भरून झाल्यावर दोरीची गाठ मी स्वतः मारून दिली.